काल्पनिक उत्पन्न

‘मयत ही गृहिणी होती. तिला कोणतेही स्वतंत्र उत्पन्न नव्हते. सबब अर्जदारांनी नमूद केलेले उत्पन्न या जाबदेणार विमा कंपनीस मान्य व कबूल नाही.’

हा परिच्छेद मी अकरा वर्षं वाचला, तपासला आणि पुढे पाठवला. नाशिकला एका विमा कंपनीत मी मोटार थर्ड पार्टीचे दावे बघायचे. अपघातात माणूस गेला की घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज करतात. धडक देणाऱ्या गाडीचा विमा आमच्याकडे असला की आम्ही जाबदेणार. पॅनेलवरचे वकील कैफियत, म्हणजे आमचं लेखी उत्तर, तयार करायचे. ती तपासायची, कागद पुरवायचे, तडजोडीचा आकडा काढून वरून मंजुरी आणायची, हे माझं काम. कसारा घाट, सिन्नर-शिर्डी रस्ता, आडगाव, पिंपळगाव ही ठिकाणं माझ्या डोक्यात अपघातांच्या फायलींनीच बसलेली आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये मी ही नोकरी सोडली आणि मुलांसाठी घरी राहिले. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते, थोरला आठ वर्षांचा आणि धाकटी पावणेतीन वर्षांची.

त्याआधीच्या सप्टेंबरातला एक दिवस सांगायला हवा. त्या दिवशी एका दाव्यात अर्जदाराचा उलटतपास होता. मुंबई-आग्रा महामार्गावर मोटारसायकलवर मागे बसलेली चौतीस वर्षांची बाई ट्रकच्या धडकेत गेली होती. मागे नवरा आणि दोन मुलं. नवरा पिंजऱ्यात उभा होता, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. आमच्या वकिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘तुमची पत्नी नोकरी-धंदा काही करत नव्हती, बरोबर?’’

‘‘नव्हती करत,’’ तो म्हणाला. ‘‘पण साहेब, मी ट्रान्सपोर्टला रात्रीच्या गाडीवर होतो. ती गेल्यावर गाडी सोडली. रात्री पोरांजवळ कोण?’’

‘‘विचारलं तेवढंच सांगा.’’

समोरच्या पडद्यावर साक्षीची ओळ उमटली: ‘हे म्हणणे खरे आहे की, माझी पत्नी नोकरी अथवा व्यवसाय करीत नव्हती.’ रात्रीच्या गाडीचं त्यात काही आलं नाही. कंपनीच्या दृष्टीने उलटतपास चांगला झाला होता. मी बाहेर येऊन मोबाइल सायलेंटवरून काढला, तर मुलांना सांभाळणाऱ्या मावशींचे सात मिस्ड कॉल.

धाकटीला तापात आकडी आली होती. सकाळी अंग कोमट होतं, म्हणून मी औषध देऊन निघाले होते. अकराच्या सुमारास ताप चढला, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मावशींनी तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, शेजारच्या काकूंना हाक मारून रिक्षा बोलावली आणि थेट मुलांच्या डॉक्टरांकडे गेल्या. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी धरून चालत होत्या, त्या घरीच थांबल्या. मी सीबीएसजवळच्या कोर्टातून पोहोचेपर्यंत पोरगी मावशींच्या मांडीवर झोपली होती. सहा महिने ते पाच वर्षं या वयात मुलांना अशी आकडी येते, बहुतेक वेळा तिच्यामुळे कायमचं काही होत नाही, डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारायला सुरुवात केली. आकडी किती मिनिटं होती? दोन्ही हात हलत होते की एकच? शेवटची शी कधी झाली? काल रात्रीपासून पाणी किती पोटात गेलंय?

एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सगळी उत्तरं मावशींनी दिली. दोन मिनिटांच्या आत थांबली, दोन्ही हात, शी काल दुपारी, सकाळपासून अर्धी वाटी पेज आणि दोन घोट पाणी.

घाबरून किंवा अपराधी वाटून मी नोकरी सोडली, असा अर्थ कुणी काढू नये. मावशींनी त्या दिवशी जे केलं ते माझ्याच्याने इतकं शांतपणे झालं नसतं. घरी असते तर आकडी टळली असती असंही नाही. पण त्या खुर्चीत बसून माझ्या लक्षात आलं की माझ्या लेकीबद्दलची माहिती दुसऱ्या कुणाजवळ आहे, आणि मला ती हवी आहे. ही हाव म्हणा. नोकरी मला मनापासून आवडायची, कामात मी चांगली होते, बढतीही जवळ आली होती. तरीही हे मला जास्त हवं होतं. इतकं साधं वाक्य स्वतःशी बोलायला मला महिना लागला, कारण बाईने नोकरी सोडायची तर तिच्यावर काहीतरी संकट कोसळलेलं असावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. माझीही होती.

नवऱ्याशी बोलले तेव्हा त्याने आधी हेच विचारलं, ‘‘मी सोडू का?’’ तो अंबडला एका कारखान्यात आहे, पाळ्या बदलत्या. त्याचा पगार हातात एकाहत्तर हजार, माझा अठ्ठावन्न. तेरा हजारांच्या फरकाने काही आभाळ कोसळत नव्हतं. पण त्याला सोडायची नव्हती आणि मला सोडायची होती, म्हणून मी सोडली. हे आम्ही एकमेकांना स्पष्ट सांगितलं हे बरं झालं. पुढे कधी कुरबुर झाली की ‘तुझ्यासाठी मी सोडली’ हे वाक्य माझ्या तोंडी आलं नाही, कारण ते खरं नव्हतं.

मग हिशेब मांडला. माझ्या अठ्ठावन्न हजारांतून मावशींचे दहा, पोळ्यांच्या ताईंचे चार, थोरल्याच्या रिक्षाचे सोळाशे, माझं पेट्रोल, बाहेरचं खाणं आणि कोर्टात घालायचे कपडे मिळून सरासरी चव्वेचाळीसशे. म्हणजे वीस हजार मला कामावर पाठवण्यातच जात होते, घरात उरत होते अडतीस. गृहकर्जाचा हप्ता साडेतेवीस हजार. ऑक्टोबरपासून आम्ही ठरवलं की हे अडतीस हजार सरळ वेगळ्या खात्यात टाकायचे आणि घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालवून बघायचं. ऑक्टोबर निभावला. नोव्हेंबरात दिवाळी आणि शाळेच्या फीचा दुसरा हप्ता एकत्र आला आणि नऊ हजार कमी पडले. डिसेंबरात आम्ही शनिवारचं बाहेर जेवण बंद केलं, दुसऱ्या गाडीचं सर्व्हिसिंग पुढे ढकललं आणि जेमतेम काठावर आलो. कुणी सोडायचा विचार करत असेल तर मी हेच सांगेन की कागदावरचं बजेट बघू नका, निदान तीन महिने तसं जगून बघा. सणाचा एक महिना त्यात यायलाच हवा.

पैशाचा दुसरा एक हिशेब आमच्यात झाला, तो माझ्या पेशातला होता. एका रात्री भांडी आवरून झाल्यावर नवरा सहज म्हणाला, ‘‘म्हणजे आता तुझं उत्पन्न शून्य धरायचं.’’ शब्द अगदी सरळ मनाने आले होते. पण मला पिंजऱ्यातला तो माणूस आठवला, आणि मी वही ओढून त्याला दाखवलं की न्यायालयात काय धरतात.

१९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभाच्या मंडपाला आग लागून कित्येक बायका-मुलं गेली. त्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला तीन हजार धरली. त्याआधीच्या हिशेबात ती हजार होती. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एक गोष्ट खडसावून सांगितली, की २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणारे’ या गटात टाकलं आहे. आणि जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात ठरलं की गृहिणीच्या काल्पनिक उत्पन्नातसुद्धा भविष्यातली वाढ धरायची, नोकरदाराच्या पगारात धरतात तशीच. काल्पनिक उत्पन्न हा आमचा रोजचा शब्द. प्रत्यक्ष पगार नाही म्हणून मनाने धरलेला.

त्या महामार्गावरच्या बाईचं मी त्याला मांडून दाखवलं. महिना आठ हजार धरा. चाळिशीच्या आतली म्हणून भविष्यातली चाळीस टक्के वाढ, झाले अकरा हजार दोनशे. तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा. वर्षाचे एकोणनव्वद हजार सहाशे. त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं, चौतीस वयाला तो सोळा. चौदा लाख तेहतीस हजार सहाशे. आता आठाऐवजी पाच हजार धरा, तर आठ लाख शहाण्णव हजार. ‘‘हा मधला पाच लाख सदतीस हजारांचा फरक,’’ मी म्हणाले, ‘‘कंपनीसाठी वाचवायचा प्रयत्न मी करते. ती काही करत नव्हती, हे शाबीत करून.’’

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘तुझं किती धरायचं?’’

आम्ही आकडा धरला नाही. पण दोन गोष्टी त्या रात्री ठरल्या. एक, दर महिन्याच्या दोन तारखेला त्याच्या खात्यातून बारा हजार माझ्या एकटीच्या खात्यात आपोआप जातील आणि त्यातून किराणा भरायचा नाही. दोन, माझा पन्नास लाखांचा टर्म विमा चालूच ठेवायचा. ‘घरात बसणाऱ्या बाईचा कशाला विमा’ असं म्हणून हप्ता बंद केलेली घरं मी फायलींतून पाहिली आहेत. बाई गेल्यावर त्या घरांतल्या पुरुषांची कशी त्रेधा उडते तेही पाहिलं आहे.

माझ्या आईला मात्र यातलं काहीच पटलं नाही. आई निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मला आजीजवळ ठेवून एसटीने जा-ये करायची. तेहतीस वर्षं. मी सांगितल्यावर ती लसूण सोलत होती, तो तसाच टाकून आत निघून गेली. संध्याकाळी म्हणाली, ‘‘माझं पेन्शन माझ्या खात्यात येतं. तुझ्या बाबांना एक रुपया मागावा लागत नाही. तुला हे कळायला हवं होतं.’’ मी बारा हजारांचं सांगितलं. ‘‘ते तो देतो. माझं मला मिळतं,’’ ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे आणि माझा निर्णयही मला बरोबर वाटतो. या दोन्ही गोष्टी उराशी बाळगून मी राहते.

१६ जानेवारी २०२५ रोजी मी राजीनाम्याचा मेल पाठवला. नोटीस नव्वद दिवसांची. त्याआधीच काही कागदी कामं उरकली होती, ती सांगते, कारण सोडणाऱ्या बहुतेक बायकांना ती नंतर आठवतात. कंपनीचा गट आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून नोव्हेंबरातच आम्हा चौघांचा दहा लाखांचा स्वतंत्र विमा घेतला आणि सासूबाईंचा वेगळा. त्यांचा मधुमेह, रक्तदाब, गुडघ्याचं ऑपरेशन सगळं अर्जात लिहिलं. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. लपवलं तर दावाच नाकारला जातो, आणि नाकारण्याची पत्रं कशी लिहितात ते मला चांगलं माहीत आहे. पीएफला मी हात लावला नाही. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं पूर्ण झाली की त्या योजनेतले पैसे काढता येत नाहीत, अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनच मिळतं. ते थोडंच असेल, पण माझं मला मिळणारं असेल. हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा जरा सैलावली. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली आहे ना, हे मात्र डोळ्यांनी बघून घ्या. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगारावर: अडतीस हजार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले अकरा वर्षं. दोन लाख एक्केचाळीस हजार एकशे चौपन्न रुपये.

हा आकडा आला आणि मला मावशींची वर्षं मोजावीशी वाटली.

थोरला फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला. तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची होती आणि मी रडतच दिवस मोजत होते. १ एप्रिलपासून कायदा बदलला, रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि रजेवर असलेल्यांनाही ती मिळाली. ऑगस्टमध्ये मी कामावर रुजू झाले, त्याच आठवड्यात मावशी आमच्याकडे लागल्या. त्याच कायद्याने पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली, पण आमच्या कार्यालयात तीसच्या आसपास माणसं. म्हणजे आमचं पाळणाघर मावशीच होत्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. स्वतःची दोन मुलं सिडकोतल्या खोलीवर त्यांच्या सासूजवळ. मी अकरा वर्षांत जे काही केलं त्यातली जवळजवळ आठ त्यांच्या जिवावर केली.

नोव्हेंबरातच मी त्यांना सांगितलं होतं, एप्रिलपासून मी घरी असेन. त्या धाकटीचे केस विंचरत होत्या. हात थांबला नाही. ‘‘माझं काही चुकलं का ताई?’’ एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले, पण नुसतं नाही म्हणून काय होतं? त्यांच्या घरात पक्का पगार तो एकच होता. माझ्या निर्णयाची किंमत सगळ्यात आधी त्या मोजणार होत्या, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. आम्ही चार महिने ओळखीत सांगून ठेवलं. गोविंदनगरला एका जोडप्याकडे त्यांना काम मिळालं, बाळ सात महिन्यांचं, पगार अकरा हजार. आणि शेवटच्या दिवशी मी त्याच सूत्राने त्यांचा हिशेब केला. दहा हजार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, वर्षं सात आणि आठ महिने म्हणजे आठ. शेहेचाळीस हजार एकशे चौपन्न. माझ्या ग्रॅच्युइटीतून ते त्यांच्या खात्यात भरले. कायद्याने मला ते बंधन नव्हतं. पण कायद्याने मला जे मिळालं ते ज्यांच्यामुळे मिळालं, त्यांना एक साडी आणि पेढे देऊन निरोप देणं मला जमलं नसतं. मावशींनी आकडा दोनदा वाचून घेतला. मुलीच्या नर्सिंगच्या फीला ठेवते म्हणाल्या.

१५ एप्रिल माझा शेवटचा दिवस. त्याआधी मार्चच्या लोकअदालतीत मी बसले, तेव्हा महामार्गावरचा तो दावा तडजोडीला आला. मी आठ हजार धरून मंजुरी मागितली होती. कारणात न्यायनिर्णय नीट लिहिले होते, त्यामुळे ती आली. मी काही उपकार केले नाहीत, कायदा तोच सांगत होता. पुष्कळदा आम्ही तो वर्षानुवर्षं सांगू देत नव्हतो, इतकंच.

घरी राहायला लागल्यावर पहिले नऊ दिवस धाकटी माझ्या हातचा वरणभात खाईना. तोंडात घेऊन गालात धरून ठेवायची आणि माझ्याकडे बघत बसायची. मी तूप बदललं, तांदूळ बदलला, लसणाची फोडणी दिली, न देऊन पाहिली. शेवटी मावशींना फोन केला. त्या हसल्याच. ‘‘ताई, भात गरम घ्या आणि वरण गार. मग हातानं कुस्करा, चमच्यानं नाही. आणि पहिला घास तिच्या बाहुलीला द्या.’’ मी भात गरम घेतला, वरण गार घेतलं, हाताने कुस्करलं, पहिला घास बाहुलीच्या तोंडाला लावला. पोरीने आ केला. मी तशीच ताट धरून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आपण सहा-सहा पानी तडजोड-प्रस्ताव लिहायचो आणि त्यात ‘घरगुती सेवा’ हे दोन शब्द टाकून पुढे जायचो.

थोरल्याचं वेगळंच. तो संध्याकाळी साडेसातच्या आईला सरावला होता. शाळेतून आल्या आल्या मी काही विचारलं की ‘काही नाही’ म्हणायचा. मी विचारणं सोडलं. दुपारी चारला त्याच्याबरोबर नुसती गॅलरीत बसायला लागले. जून संपता संपता एकदा तो आपणहून बोलला, की वर्गात एक मुलगा त्याला रोज मधल्या सुट्टीत ढकलतो, दुसरीपासून. दुसरीपासून म्हणजे जवळजवळ एक वर्ष. मी बाईंना भेटले, प्रकरण चार दिवसांत मिटलं. ते वर्षभराचं वजन त्याने एकट्याने कसं उचललं, हे मात्र मला अजून सोसत नाही.

आणि नवरा. माझ्या नोटीसच्या काळातच, फेब्रुवारीत, केंद्र सरकारची २०२४ची वेळ-वापर पाहणी आली होती. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, ते करणारे पुरुष ८८. त्याआधीच्या २०१९च्या पाहणीत ते २९९ आणि ९७ होते, आणि कीर्ती खटल्याच्या निकालात ते उद्धृत केले आहेत. तेव्हा आम्ही दोघांनी आठवडाभर आपली मिनिटं लिहून काढली. नोकरीच्या दिवशी माझी दोनशेच्या वर, त्याची सत्तरच्या आसपास. दूध, भाजी, थोरल्याची आंघोळ, रात्रीची भांडी ही त्याची कामं. तो खूश होता. जुलैत माझ्या लक्षात आलं की ही चारही कामं माझ्याकडे आली आहेत. कुणी ठरवलं नव्हतं. एक दिवस त्याची रात्रपाळी म्हणून भांडी मी घासली, एक दिवस पाऊस म्हणून भाजी मी आणली, आणि मग ‘तू घरीच आहेस ना’. हे वाक्य तो बोलला तेव्हा सासूबाई समोर बसल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, ‘‘ती घरी असते म्हणून तू पाहुणा झालास का रे?’’ माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं घर केलं आणि स्वतःसाठी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. रात्री त्या मला म्हणाल्या, ‘‘मला कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलले.’’ रात्रीची भांडी आणि आंघोळ त्याच्याकडे परत गेली. दूध आणि भाजी माझ्याकडेच आहे, मी ते मान्य केलं आहे.

कमीपणाही वाटतो, तो लपवत नाही. सोसायटीच्या सभेत ‘मॅडम, तुम्ही आता फ्री असता ना’ म्हणून तीन समित्यांत नाव घातलं गेलं. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर बदल्या-बढत्यांची चर्चा चालते, ती मी वाचते आणि अर्धा तास मन थाऱ्यावर नसतं. कोर्टाचा तो वास, जुन्या कागदांचा आणि कॅन्टीनच्या कटिंगचा, त्याची मला खरोखर आठवण येते. नोकरीला लागताना मी माझी वकिलीची सनद स्थगित केली होती, कारण पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही. आता ती परत चालू करण्यासाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे द्यायचा अर्ज भरून ठेवला आहे. धाकटी पहिलीला गेली की पाठवेन.

तोवर एक काम मी घेतलं आहे. नोकरीआधी ज्या वकीलसाहेबांकडे मी दोन वर्षं उमेदवारी केली, ते अर्जदारांच्या बाजूने लढतात. गृहिणी गेलेल्या दाव्यांत पुराव्याचं प्रतिज्ञापत्र मी घरून तयार करून देते. दुपारी दीड ते तीन, धाकटी झोपते तेवढ्या वेळात. ‘मयत घरकाम करीत असे’ या एका ओळीऐवजी मी तिचा अख्खा दिवस लिहिते: किती माणसांचा स्वयंपाक, कुणाचा डबा, सासऱ्यांची इन्सुलिनची वेळ, शेळ्या, शेतावरचं खुरपणं, बचत गटाच्या वह्या. त्यासाठी घरच्यांना फोन करून विचारावं लागतं.

परवा चांदवडकडच्या एका माणसाला फोन लावला. बायको जाऊन सात महिने झालेत, दोन मुली आहेत, थोरली नववीत. मी वही उघडून बसले आणि पहिला प्रश्न विचारला, त्या सकाळी किती वाजता उठायच्या?

बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

‘‘ते नाही सांगता येणार म्याडम,’’ तो म्हणाला. ‘‘मी उठायचो तवा चहा तयार असायचा.’’

मी वहीत लिहिलं: ‘उठण्याची वेळ – थोरल्या मुलीला विचारणे.’